बेत्सालेल: एका दुर्मीळ हिब्रू नावाचा अर्थ आणि उगम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेत्सालेल या नावाचा अर्थ काय?

'देवाच्या सावलीत'. नावाचे तीन तुकडे सरळ सुटे करता येतात: 'बे' म्हणजे मध्ये, 'त्सेल' म्हणजे सावली आणि 'एल' म्हणजे देव. बऱ्याच जुन्या हिब्रू नावांच्या अर्थावरून पंडितांचे वाद असतात, इथे तसे काही नाही.

फक्त सावली म्हटल्यावर अंधार डोळ्यांसमोर आणू नका. हे नाव रखरखीत उन्हाच्या मुलखातले आहे आणि तिथे सावली म्हणजे आसरा. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात सदोममधला लोट दाराशी जमलेल्या जमावाला सांगतो, की हे पाहुणे माझ्या छपराच्या सावलीला आलेत, त्यांना हात लावू नका. तिथे हिब्रूत हाच 'त्सेल' आहे. स्तोत्र ९१ ची सुरुवातही सर्वसमर्थाच्या सावलीत राहणाऱ्यापासून होते. आपण वडीलधाऱ्यांची 'छत्रछाया' म्हणतो, तो भाव इथे बरोबर बसतो. सावलीचा दुसरा, उदास भावही हिब्रूला ठाऊक आहे: स्तोत्र १४४ माणसाच्या दिवसांना सरत्या सावलीची उपमा देते. या नावात मात्र तो नाही.

उच्चार नेमका कसा करायचा?

बे-त्सा-लेल, आणि जोर शेवटच्या 'लेल'वर. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या जुन्या उच्चारात जोर मधल्या अक्षरावर यायचा.

'त्स' पाहून घाबरायचे कारण नाही. 'चाक' आणि 'चूल' म्हणताना मराठी माणूस जो दंत्य 'च' काढतो, जवळजवळ तोच हा ध्वनी. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये काढताना त्रास होतो, आपल्याला होत नाही. अडचण आहे ती लिपीची. आपण दंत्य आणि तालव्य 'च' एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे 'बेचालेल' लिहिले तर अर्धे लोक 'चहा'तला 'च' वाचतील. म्हणून 'त्स' लिहिणे बरे.

मग मराठीत कुठे बसालेल, कुठे बेझालेल असे का दिसते?

ज्या भाषेतून नाव आले तिचा शिक्का बसतो म्हणून. ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्यांकडे 'त्स'साठी अक्षर नव्हते, त्यांनी 'स' वापरला आणि लॅटिननेही तेच उचलले. इंग्रजी बायबलने त्या जागी झेड घातला, म्हणून इंग्रजी बातम्यांवरून लिहिणारी आपली वर्तमानपत्रे 'बेझालेल' छापतात. इस्रायलचे अर्थमंत्री म्हणून २०२२ च्या अखेरीपासून चर्चेत असलेल्या स्मोट्रिच यांचे पहिले नाव हेच आहे. बहुतेक मराठी वाचकांनी हे नाव तिथेच पहिल्यांदा वाचले असणार.

हे नाव पहिल्यांदा बायबलमधल्या एका माणसाचे. मराठी बायबलमध्ये तो 'बसालेल बिन ऊरी बिन हूर' आहे. हा 'बिन' पाहून मला बरे वाटते. आपल्या जुन्या मोडी कागदांत पाटील-देशमुखांची नावेही 'अमुक बिन तमुक' अशीच लागायची, त्यामुळे भाषांतरकाराने हिब्रू 'बेन'साठी, म्हणजे 'मुलगा' यासाठी, जो शब्द निवडला तो गावच्या दप्तरातला होता. पंडिता रमाबाई तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या; त्यांचे संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले.

हे नाव मुळात कोणाचे?

एका कारागिराचे. सगळ्या प्रकरणातली मला आवडणारी गोष्ट हीच आहे. ज्यांची नावे पुढे पिढ्यान् पिढ्या ठेवली गेली ते बायबलमधले बहुतेक पुरुष कुळाचे मूळपुरुष, राजे नाहीतर संदेष्टे आहेत. बेत्सालेलने यातले काही केले नाही. त्याने लाकूड तासले, सोने ठोकले, कापड विणवून घेतले.

बायबलच्या निर्गम या पुस्तकात, ३१ व्या अध्यायात, देव इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला म्हणतो, की यहूदा वंशातल्या बेत्सालेलला मी नाव घेऊन बोलावले आहे आणि त्याला देवाच्या आत्म्याने भरले आहे. कशासाठी? सोने, रुपे, पितळ यांचे काम करण्यासाठी, रत्ने पैलू पाडून कोंदणात बसवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांना वाळवंटात बरोबर नेता येईल असे देवस्थान हवे होते. मराठी बायबल त्याला निवासमंडप म्हणते. तो उभा करण्याचे काम याच्याकडे आले.

कामाची मापे निर्गमात इतकी बारीक दिली आहेत की सुताराला हाताशी धरून वाचावीत. कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, बाभळीच्या लाकडाचा: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आतून-बाहेरून शुद्ध सोन्याने मढवलेला, उचलण्यासाठी कड्यांत ओवलेले दांडे. दीपवृक्ष एक किक्कार सोन्याचा, म्हणजे तीसेक किलोच्या वर, आणि तोही ओतीव नव्हे, घडीव. एका गोळ्यातून ठोकून काढलेला खोड, त्याला सहा फांद्या, फांद्यांवर बदामाच्या फुलांच्या घाटाच्या वाट्या. ज्याने कधी तांबटाचे काम जवळून पाहिले आहे त्याला यातली अवघड बाजू सांगायला नको. एकूण सोने २९ किक्कार आणि ७३० शेकेल, आजच्या हिशेबाने सुमारे एक टन.

सामान लोकांनी आणून दिले, आणि इतके आणले की कारागीरच मोशेकडे तक्रार घेऊन आले: आता पुरे. मग छावणीत दवंडी पिटवून देणग्या थांबवाव्या लागल्या. वर्गणी थांबवा म्हणणारे मंडळ आपल्याकडे अजून व्हायचे आहे.

गंगाळ मात्र बायकांच्या पितळी आरशांचे केले. त्यावर ज्यू परंपरेत एक कथा आहे. मोशेला हे आरसे घेणे पसंत नव्हते, नट्टापट्ट्याच्या वस्तू देवाच्या कामाला कशा? देव म्हणाला, मला हेच सर्वांत प्रिय आहेत. मिसरमध्ये नवरे वेठबिगारीने मोडून पडायचे, तेव्हा बायका जेवण घेऊन रानात जायच्या, आरशात दोघांचे तोंड दाखवून थट्टा करायच्या. त्यातून संसार टिकला आणि पोरेबाळे झाली.

एकट्यानेच केले का हे सगळे?

नाही. दान वंशातला अहलियाब बिन अहिसामाख त्याचा जोडीदार होता आणि हाताखाली बरेच कारागीर. फ्रान्समधला अकराव्या शतकातला भाष्यकार राशी इथे एक मार्मिक गोष्ट नोंदवतो. यहूदा हा मोठा मानाचा वंश, आणि दान दासीच्या मुलाचा, म्हणून खालचा. देवस्थानाच्या कामात मात्र दोघे एका पायरीवर. शिवाय मजकुरात असेही आहे की या दोघांच्या मनात देवाने शिकवण्याची बुद्धी घातली. हात चालणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे, हे ज्याने उस्तादाकडे उमेदवारी केली त्याला चांगले माहीत असते.

या नावाबद्दल तालमूदमधली गोष्ट कोणती?

तालमूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, चर्चांचा मोठा ग्रंथ. त्याच्या बेराखोत नावाच्या भागात ५५ व्या पानावर दोन गोष्टी आहेत. नावाचा अर्थ विचारणाऱ्याला मी आधी त्या सांगतो.

पहिली नेमणुकीची. देव मोशेला विचारतो, बेत्सालेल तुला पसंत आहे ना? मोशे म्हणतो, तुला पसंत असेल तर माझा काय प्रश्न! देव म्हणतो, तरीही जा आणि लोकांना विचार. मग मोशे लोकांना विचारतो आणि लोकही तेच उत्तर देतात. लोकांच्या संमतीवाचून त्यांच्यावर पुढारी नेमू नये, हा धडा रब्बींनी एका मिस्तऱ्याच्या नेमणुकीवरून काढला, हे विशेष.

दुसरी खुद्द नावाची. देवाने मोशेला क्रम सांगितला होता: मंडप, कोश, पात्रे. मोशेने निरोप देताना तो उलटा केला: कोश, पात्रे, मंडप. बेत्सालेल म्हणाला, "मोशे, आमचे गुरू, जगाची रीत अशी, की माणूस आधी घर बांधतो आणि मग सामान आत आणतो. तुम्ही सांगता तसे आधी पात्रे केली तर ठेवू कुठे? देवाने मंडप, कोश, पात्रे असे तर सांगितले नव्हते?" मोशे थक्क होऊन म्हणाला, "तू देवाच्या सावलीत होतास की काय, तुला कळले कसे!" बे-त्सेल-एल. संवादातच नाव उलगडते.

यात चमत्कार काहीच नाही, हे लक्षात घ्या. साक्षात मोशेला चूक दाखवणारा मुद्दा साध्या व्यवहाराचा आहे, कामावरच्या कुठल्याही गवंड्याला सुचेल असा. रब्बींना देवाची सावली तिथे दिसली.

त्याच पानावर आणखी एक वाक्य आहे: ज्या अक्षरांनी आकाश आणि पृथ्वी घडली ती अक्षरे जुळवण्याची विद्या बेत्सालेलला येत होती. पुढे काबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, मानणाऱ्यांनी या वाक्यावर बरेच इमले चढवले.

तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, हे खरे का?

तालमूदच्या सान्हेद्रिन भागात वंशावळीच्या हिशेबाने तेरा हे वय काढले आहे. निर्गमात वय दिलेले नाही. मला तो आकडा हिशेबाच्या हौसेपोटी आलेला वाटतो.

वडील ऊरी, आजोबा हूर, यांच्याबद्दल काय माहिती आहे?

ऊरी या नावात 'ओर' म्हणजे प्रकाश आहे. प्रकाशाच्या पोटी सावली जन्मली, असा विनोद इस्रायलमध्येही कोणी ना कोणी केलाच असेल. ऊरीबद्दल बाकी काही सांगितलेले नाही.

हूर महत्त्वाचा. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे थकलेले हात ज्या दोघांनी वर धरून ठेवले, त्यातला एक अहरोन आणि दुसरा हूर. नंतर मजकुरातून तो नाहीसा होतो. ज्यू परंपरा सांगते, की सोन्याचे वासरू करायला निघालेल्या जमावाला तो आडवा गेला आणि जमावाने त्याला ठार केले. म्हणजे सोन्याच्या मूर्तीपायी आजोबा गेले, आणि थोड्याच दिवसांत नातवाच्या हाती देवस्थानासाठी सोने आले. ही कथा खरी धरा किंवा धरू नका, वंशावळीत 'बिन हूर' इतके आवर्जून का लिहिले असावे, याचे उत्तर त्यात मिळते.

'जिल्ले इलाही'शी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला जवळचा. मुघल दरबाराच्या मालिकांत बादशहाला 'जिल्ले इलाही' म्हणतात, म्हणजे 'देवाची सावली'. त्यातला अरबी 'झिल्ल' आणि हिब्रू 'त्सेल' एकाच सेमिटिक मुळाचे, 'इलाह' आणि 'एल' हेही भाऊबंद. आणखी मागे गेलात तर अक्कादी भाषेत सावलीला 'सिल्लु' आहे. असिरियाचा राजा सन्हेरीब याच्या लेखांत इ. स. पू. ७०१ च्या मोहिमेत गाझाच्या सिल्-बेल या राजाचा उल्लेख येतो. त्याच्या नावात सावली आहे, देव मात्र बेल.

फरक एवढाच, की बादशहा स्वतःच देवाची सावली आहे. बेत्सालेल त्या सावलीत बसलेला आहे.

शनिवारच्या सुट्टीशी बेत्सालेलचा संबंध कसा जोडतात?

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात पहिल्या अकरा ओळी बेत्सालेलच्या नेमणुकीच्या आणि त्याला लागूनच, बाराव्या ओळीपासून, शब्बाथची आज्ञा. रब्बींनी विचारले, हे दोन विषय शेजारी का? उत्तर काढले असे: निवासमंडपाचे काम कितीही पवित्र असले तरी सातव्या दिवशी ते थांबवायचे. मग 'काम' कशाला म्हणायचे? मंडप उभारायला जे जे करावे लागले ते. त्यातून मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहात, एकोणचाळीस प्रकारच्या कामांची यादी आली: नांगरणे, मळणे, दळणे, विणणे, रंगवणे, शिवणे, दोन अक्षरे लिहिणे, विस्तव पेटवणे वगैरे. आजही कर्मठ ज्यू घरात शनिवारी काय चालते आणि काय नाही, याचा निवाडा या यादीवरून होतो.

इथे कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. रायगडच्या किनारपट्टीवर घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे. अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत आठवण आहे. तालमूदमधली ही चर्चा, ती एकोणचाळीस कामांची यादी, त्यांच्यापाशी नव्हती. ग्रंथ हाताशी नव्हते तरी सातव्या दिवशी हातातले काम खाली ठेवायचे हे राहिले, आणि गावाने त्यांना त्यावरूनच ओळखले.

बेने इस्राएल घरांत हिब्रू नावांचे काय झाले?

ती कोकणी अंगरखा घालून वावरली. इब्राहीमचा आबाजी, इसहाकचा इसाजी, शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मागे गावावरून आडनाव: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणाऱ्या, कंपनीच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याचे नाव इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि आपल्या माणसांत सामाजी हसाजी दिवेकर. त्या सिनेगॉगचे नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली 'मशीद' हीच, असे सांगतात.

या चालीने बेत्सालेलचा 'बसाजी' झाला असता, असा माझा आपला अंदाज. अस्सल मावळी नाव!

पुढे हे नाव कोणी कोणी लावले?

खुद्द बायबलमध्ये आणखी एकच आहे: एज्राच्या पुस्तकात, परक्या बायका केलेल्यांच्या यादीत. तिथून पुढे त्याचा पत्ता नाही.

सोळाव्या शतकात इजिप्तमध्ये बेत्सालेल अश्केनाझी हे मोठे तालमूद पंडित होऊन गेले. काबालाचे सर्वांत प्रसिद्ध आचार्य इसहाक लुरिया त्यांचे शिष्य. प्रागचे महारल, म्हणजे येहुदा ल्योव बेन बेत्सालेल, १६०९ मध्ये वारले. त्यांच्या नावात बेत्सालेल वडिलांच्या जागी आहे. मातीचा पुतळा करून अक्षरांच्या बळावर त्याला जिवंत केल्याची गोलेमची दंतकथा याच महारलना बऱ्याच नंतर चिकटली. अक्षरे जुळवणाऱ्याच्या नावाचा बाप असलेल्या माणसाला ती चिकटावी, हे योगायोगाने झाले असले तरी झकास झाले.

अमेरिकेतल्या बायबलवेड्या प्रॉटेस्टंट घरांतही ते दिसते. ओहायोमधले कँटन शहर वसवणारे बेझालील वेल्स त्यातले.

सर्वांत ठळक नाव मात्र माणसाचे नाही. १९०६ मध्ये शिल्पकार बोरिस शात्झ यांनी जेरुसलेममध्ये कलाशाळा काढली आणि तिला 'बेत्सालेल' नाव दिले. शात्झ मूळचे लिथुआनियाचे, आधी बल्गेरियाच्या दरबारी काम केलेले. येमेनहून आलेले चांदीकाम करणारे, गालिचे विणणारे, युरोपातून आलेले चित्रकार, सगळे एका छपराखाली. पैशाअभावी ती १९२९ मध्ये बंद पडली, १९३५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि आज इस्रायलची प्रमुख कला अकादमी आहे. तिच्या संग्रहालयातून वाढलेला संग्रह १९६५ मध्ये इस्रायल म्युझियमचा भाग झाला. शात्झ यांनी मुलाचे नावही बेत्सालेल ठेवले आणि तोही चित्रकारच झाला.

इतके जुने नाव असून दुर्मीळ का?

दावीद किंवा योसेफ यांच्याभोवती जशी लांबलचक कथा आहे तशी बेत्सालेलभोवती नाही. त्याच्याबद्दलचे अध्याय मापे आणि वजने यांनी भरलेले आहेत, आणि व्यासपीठावरून ते कोणी रंगवून सांगत नाही. त्यात नाव लांब आणि कानाला सोवळे लागते. आजच्या इस्रायलमध्ये आटोपशीर नावांची आवड आहे. धार्मिक अश्केनाझी घरांत वारलेल्या आजोबा-पणजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे, तिच्यामुळे ते टिकून आहे.

मुलीसाठी याच मुळातले नाव आहे का?

त्सिला. अर्थ सावलीच. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातल्या लामेखच्या दोन बायकांपैकी एक, आणि तिचा मुलगा तुबल-काईन हा पितळ आणि लोखंड घडवणारा पहिला लोहार! या सावलीला घणाचे वावडे नाही असे दिसते. सध्या हे नाव इस्रायलमध्येही जुन्या वळणाचे समजतात.

अक्षरांची बेरीज किती येते?

हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. बेत २, त्सादी ९०, लामेद ३०, आलेफ १, लामेद ३०. एकूण १५३. योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्याही १५३ आहे, म्हणून काही जण त्यात गूढ शोधतात. मी शोधत नाही.

घरात हाक कशी मारायची?

इस्रायलमध्ये 'त्साली' म्हणतात, यिद्दिश, म्हणजे अश्केनाझींची जुनी बोली, बोलणाऱ्या घरांत 'त्सालेल'. शाळेत कागदोपत्री पूर्ण नाव लागते, तेव्हा देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींतले एकेक रूप जन्मदाखल्याच्या वेळीच ठरवून टाका आणि आधार, पासपोर्ट, शाळेचा दाखला सगळीकडे तेच ठेवा. ज्या नावाची तीन भाषांत तीन वळणे आहेत, त्याची खिडकीवरचा कारकून चौथे वळण नक्की काढतो.